कलाव्यवस्थापनाचा प्रबंध : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईतील भोईवाड्यातून पायी जाता येईल अशा अंतरावर, परळमध्ये, सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर नाट्यगृह १९२२ सालापासून गिरणगावच्या रंगभूमीचे आश्रयस्थान होते. पुनर्विकासासाठी ते २०२३ साली बंद झाले. परंतु अशा नाट्यगृहांत ज्यांनी तारखा मिळवल्या, तिकिटांचा प्लॅन मांडला आणि पडदा पडल्यावर भाडे, कलाकारांची नाइट (म्हणजे प्रयोगाचे मानधन), जाहिरातीचे बिल व नेपथ्य वाहणाऱ्या टेम्पोचे पैसे वजा घालून त्याच रात्री हिशेब मिटवला, ती माणसे ज्या विद्येचे आचरण करीत होती, तिलाच विद्यापीठीय परिभाषेत कलाव्यवस्थापन हे नाव आहे. या विद्येवर पीएच.डी.चा प्रबंध लिहू इच्छिणारे आपल्या भोईवाडा-परळ भागातील पदवीधर ज्या समजुतींमुळे अर्ज करण्यापूर्वीच माघारी फिरतात, त्यांचे निरसन विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांच्या आधारे करणे मला अगत्याचे वाटते.

गैरसमज : अनुभव दांडगा असला की पदवीची अट शिथिल होते.
वस्तुस्थिती : होत नाही. पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांची हवी. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट यावयाचे असल्यास ७५ टक्के. अनुसूचित जाती-जमाती, उन्नत गटात न मोडणारे इतर मागासवर्गीय, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांना पाच टक्क्यांची सवलत देता येते. अनुभवाचे मोल निराळे आहे : चांगला प्रश्न कोणता, हे तो शिकवतो.

गैरसमज : ‘कलाव्यवस्थापन’ याच नावाची एम.ए. हवी.
वस्तुस्थिती : आयोगाचे विनियम असा आग्रह धरीत नाहीत, कोणत्या विषयाच्या पदवीधराने कोठे अर्ज करावा, हे विद्यापीठ ठरवते. १९८२ च्या गिरणी संपानंतर कामगार रंगभूमीचे अर्थकारण कसे पालटले, हा एकच प्रश्न नाट्यशास्त्राच्या, वाणिज्याच्या किंवा समाजशास्त्राच्या अभ्यासकालाही रास्तपणे हाती घेता येईल. मात्र त्याची मांडणी त्या-त्या शास्त्राच्या शिस्तीने झाली पाहिजे.

गैरसमज : आधी एम.फिल. करावी लागते आणि नोकरी सोडावी लागते.
वस्तुस्थिती : एम.फिल. चा अभ्यासक्रम या विनियमांनी बंदच केला. अंशकालीन पीएच.डी. ला मुभा आहे. त्यासाठी मालकाचा किंवा कचेरीचा नाहरकत दाखला लागतो. किमान मुदत तीन वर्षांची, सर्वसाधारण कमाल मुदत सहा वर्षांची. दूरशिक्षणाने मात्र ही पदवी घेता येत नाही, आणि किमान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम कोणालाच चुकत नाही.

गैरसमज : परीक्षा उत्तीर्ण झाली की प्रवेश निश्चित.
वस्तुस्थिती : विद्यापीठाची प्रवेश परीक्षा झाली तर तिचे अर्धे प्रश्न संशोधनपद्धतीवर व अर्धे विषयावर असतात, पुढे परीक्षेचा भार ७० टक्के आणि मुलाखतीचा ३० टक्के धरला जातो. त्यानंतरही मार्गदर्शकाकडे जागा असावी लागते : प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा व सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक, सर्वसाधारणपणे याहून अधिक नाहीत. म्हणून आपल्या विषयात काम केलेला मार्गदर्शक कोण आणि त्याच्याकडे जागा रिक्त आहे काय, याची चौकशी अर्जापूर्वीच करावी.

गैरसमज : आपल्या वस्तीत संशोधनाची साधने नाहीत.
वस्तुस्थिती : १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादर-नायगावला, म्हणजे आपल्या उंबरठ्यावरच आहे. त्याहून दुर्मीळ साधन घरोघरीच्या माळ्यावर असू शकते. हौशी नाट्यमंडळांच्या आणि गणेशोत्सव मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या, पावतीपुस्तके आणि प्रयोगांची हस्तपत्रके ही व्यवस्थापनाच्या अभ्यासकाला कोणत्याही छापील ग्रंथाइतकीच मोलाची आहेत. चाळी एकामागून एक रिकाम्या होत असताना हे दप्तर रद्दीच्या भावाने जाऊ नये, म्हणून ज्याला हा प्रबंध लिहावयाचा आहे त्याने अर्जाचा मसुदा करण्यापूर्वी माळ्यावरची ट्रंक खाली उतरवावी. पदवीचा दाखला त्याला संशोधनाच्या दारापर्यंत नेईल. पण आत गेल्यावर काय विचारावयाचे, हे त्या वह्याच त्याला सांगतील.