पुतळ्याआधी जागा

नागरी हक्कांसाठी लढलेल्या एखाद्या पुढाऱ्याचे स्मारक उभारायचे ठरले की चर्चा बहुधा पुतळ्याच्या उंचीची, धातूची आणि खर्चाची होते, आणि जागेचा प्रश्न जिथे मोकळा तुकडा हाती लागेल तिथे सुटला असे मानले जाते. वास्तविक अशा पुढाऱ्याच्या बाबतीत जागा हाच स्मारकाचा पहिला आणि सर्वांत बोलका भाग असतो. नागरी हक्क म्हणजे जात, धर्म वा लिंग न पाहता प्रत्येकाला केवळ नागरिक म्हणून मिळायला हवेत असे हक्क, आणि महाराष्ट्रात या हक्कांचा झगडा मुख्यतः सार्वजनिक जागांवरूनच झाला. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याची शिफारस केली, पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, आणि तरीही त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह तिथे चालत जावे लागले. जागा सर्वांची आहे असे कागदावर लिहिले जाणे आणि ती सर्वांची होणे यांत किती अंतर असते, हे ज्यांनी दाखवून दिले त्यांचे स्मारक कुठे असावे, हा प्रश्न नगररचनेच्या नकाशावरची सोय पाहून सोडवता येत नाही.

पुणे शहर या प्रश्नातून फार पूर्वी गेले आहे. महात्मा जोतीराव फुले हे स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि सार्वजनिक पैसा कशावर खर्च व्हावा याविषयी त्यांची मते कडक होती. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला तेव्हा त्याविरुद्ध मत देणारे ते एकटे होते. त्याच फुल्यांचा पुतळा पुण्यात असावा अशी सूचना १९२५ मध्ये नगरपालिकेपुढे आली, तेव्हा तिला कडवा विरोध झाला आणि त्या वादातून दिनकरराव जवळकरांची ‘देशाचे दुश्मन’ ही पुस्तिका निघाली. तिच्यावरून झालेल्या खटल्याच्या अपिलात जवळकर आणि केशवराव जेधे यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना ‘रे मार्केट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाजीबाजाराला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. शेतकऱ्याच्या मालाला भाव आणि त्याच्या मुलाला शाळा मिळावी म्हणून झगडलेल्या माणसाचे नाव, जिथे रोज पहाटे शेतमाल उतरतो अशा वास्तूला दिले गेले, म्हणूनच ते लोकांच्या तोंडी बसले.

कोल्हापूरने याहून धीट निवड केली. बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर या दोघांचे पुतळे उभे राहिले, आणि त्या वेळी डॉ. आंबेडकर हयात होते. ही जागा शहराच्या कडेची नव्हती, एका समाजाच्या वस्तीतलीही नव्हती. सभा भरण्याचा, मोर्चे निघण्याचा, साऱ्या कोल्हापूरच्या पायाखालचा तो चौक होता. हा फरक वरवर लहान दिसतो, पण त्यात स्मारकाचे सारे राजकारण सामावलेले आहे, कारण वस्तीतला पुतळा हा त्या वस्तीचा अभिमान असतो, तर शहराच्या मध्यावरचा पुतळा हे साऱ्या शहराने दिलेले जाहीर वचन असते.

अमेरिकेतही हाच वाद वेगळ्या रूपात दिसतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९६८ मधील हत्येनंतर तेथील शेकडो गावांनी त्यांचे नाव रस्त्यांना दिले, परंतु ते नाव गावाच्या मुख्य रस्त्याला द्यावे की कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून जाणाऱ्या रस्त्याला, यावर अनेक ठिकाणी दीर्घकाळ भांडण चालले, आणि पुष्कळदा दुकानदारांच्या विरोधामुळे मुख्य रस्ता सुटला व वस्तीतला रस्ता हाती आला. महाराष्ट्राला हे अपरिचित वाटण्याचे कारण नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला आणि त्याचा अंमल, तोही नामविस्ताराच्या तडजोडीने, १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या जवळपास सोळा वर्षांत दलित वस्त्यांनी जाळपोळ आणि हत्या सोसल्या, आणि ते सारे एका सार्वजनिक संस्थेवरच्या एका नावासाठी सोसले.

पुण्याच्या शेजारच्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात या विषयाची दोन उदाहरणे आहेत, आणि ती एकमेकांहून इतकी निराळी आहेत की दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय जागेचा अर्थ नीट उलगडत नाही. पहिले देहूरोडचे. तुकोबांच्या देहूपासून जवळ, लोहमार्ग आणि जुना मुंबई-पुणे रस्ता यांच्या आधाराने, लष्कराच्या भांडारांभोवती वाढलेली ही वस्ती आहे आणि तिचा कारभार महापालिकेकडे नसून कटक मंडळाकडे, म्हणजे लष्करी छावणीच्या नागरी प्रशासनाकडे आहे. या वस्तीतील दलित समाजाने संत चोखामेळ्याच्या नावाने मंदिर बांधायचे योजले होते आणि ते पुढे बुद्धविहार झाले, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. रंगून येथील जागतिक बौद्ध परिषदेहून परतलेल्या डॉ. आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. याच तारखेला सत्तावीस वर्षांपूर्वी, १९२७ मध्ये, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. नागपूरची धम्मदीक्षा देहूरोडच्या प्रतिष्ठापनेनंतर दोन वर्षांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली, त्यामुळे देहूरोड ही त्या महान घटनेची एक पायरी ठरते आणि म्हणूनच तिला धम्मभूमी म्हटले जाते.

देहूरोडचे महत्त्व असे की ही जागा कोणा आयुक्ताने किंवा समितीने निवडली नाही. मोलमजुरी करणाऱ्या लोकांनी आपल्या वस्तीत जे देवस्थान उभारायला घेतले, तिथे त्यांचा नेता आला, आणि मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराच्या दारात वर्षानुवर्षे तिष्ठत राहिलेल्या समाजाने स्वतःचे दार स्वतः उघडले. दरवर्षी २५ डिसेंबरला तिथे येणारे अनुयायी पुतळ्याला हार घालून परतत नाहीत. एके काळी जी घटना घडली तिच्या जागेवर उभे राहण्यासाठी ते येतात. इतिहासाने निवडलेल्या अशा जागेला पर्याय नसतो, ती हलवता येत नाही आणि तिच्याऐवजी दुसरीकडे मोठी वास्तू बांधून भरपाईही होत नाही. पुण्याच्या भिडेवाड्याविषयी, जिथे १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली, लोक इतकी वर्षे का झगडले, याचे उत्तरही हेच आहे. जागा ताब्यात येण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि २०२३ अखेर मोडकळीस आलेला तो वाडा उतरवून राष्ट्रीय स्मारकासाठी वाट मोकळी झाली.

दुसरे उदाहरण पिंपरीच्या डॉ. आंबेडकर चौकाचे. येथे इतिहासातील कोणतीही घटना घडली नव्हती, म्हणून ही निवड पूर्णपणे शहराची आहे. हे शहरच मुळात नवे: १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सार्वजनिक कारखाना आला, साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली, १९७० मध्ये गावे मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि सोलापूरकडून कामासाठी आलेल्या माणसांनी हे शहर भरले, आणि त्यांतल्या अनेकांना गावातल्या जातीच्या वेशीबाहेर पडण्याची पहिली संधी इथल्या कारखान्याच्या दारात मिळाली. महापालिका भवन आणि रेल्वे स्थानक यांच्या सान्निध्यात, जुन्या महामार्गावर बाबासाहेबांचा पूर्णाकृती पुतळा असणे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पिंपरीतच महात्मा फुले यांचा पुतळा आणि सावित्रीबाई फुले यांचे स्मारक आहे, आणि दरवर्षी ११ एप्रिल व १४ एप्रिल या दोन जयंत्यांच्या सुमारास महापालिका विचार प्रबोधन पर्व भरवते.

कामगारांच्या शहरात बाबासाहेबांचे स्थान केवळ संविधानाच्या शिल्पकाराचे नाही, हे इथे आवर्जून सांगायला हवे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच खात्याच्या कामातून पुढे आली. पिंपरीत, आकुर्डीत किंवा भोसरीत आठ तासांची पाळी करून बाहेर पडणाऱ्या माणसाचे या पुतळ्याशी असे थेट नाते आहे. याच चौकातल्या भीमसृष्टीत बाबासाहेबांच्या जीवनावरची उठावशिल्पे पाहणाऱ्या मुलांना त्यांच्या वडिलांच्या हजेरीकार्डाचा आणि बाबासाहेबांचा हा संबंधही कोणीतरी समजावून द्यायला हवा.

या चौकाचे खरे मोल पुतळ्याइतकेच त्यामागच्या मोकळ्या आवारात आहे. नागरी हक्कांच्या स्मारकाला लोक एकेकटे भेट देत नाहीत, समुदायाने येतात. भाषण ऐकतात, पुस्तके विकत घेतात, जलसा ऐकत रात्र घालवतात, आणि मागणी असेल तेव्हा तिथूनच मोर्चा काढतात. रस्त्याच्या बेटावर चारी बाजूंनी वाहनांनी वेढलेला पुतळा कितीही देखणा असला तरी तिथे दहा माणसांना उभे राहता येत नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १ जुलै २०२४ रोजी भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध अनुयायांनी उग्र आंदोलन केले आणि शासनाला ते काम थांबवावे लागले, त्यामागे हीच जाणीव होती. पिंपरीतही रस्तारुंदीकरण, बसमार्गिका आणि २०२२ मध्ये सुरू झालेली मेट्रो यांनी महामार्गाचे रूप पालटले आहे, आणि अशा प्रत्येक कामाच्या आराखड्यात स्मारकाभोवतीची पायी चालण्याची व थांबण्याची जागा आधी आखून मग वाहनांचा विचार व्हायला हवा.

जागा ठरवण्याची कायदेशीर वाट आता बरीच अरुंद झाली आहे, आणि ते योग्यच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर पुतळे किंवा बांधकामे उभारण्यास राज्यांनी परवानगी देऊ नये असा आदेश दिला. राज्य शासनाच्या पद्धतीनुसार स्थानिक संस्थेचा ठराव, जागेच्या मालकीची कागदपत्रे, पोलिसांचे ना-हरकत पत्र आणि पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता अशा टप्प्यांतून प्रस्ताव जातो. ही छाननी अडवणूक वाटली तरी तिच्यामागे कटू अनुभव आहेत: घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याच्या विटंबनेनंतर उसळलेल्या संतापावर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. तथापि कागदपत्रे पूर्ण झाली म्हणजे लोकांना विचारले गेले असे होत नाही. पिंपरी-चिंचवडच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता, आणि अशा काळात जागेचे निर्णय सभागृहातील चर्चेशिवाय होतात, ही त्या निर्णयांची मोठीच उणीव म्हटली पाहिजे.

पिंपरी-चिंचवडजवळच्या चाकणला स्मारकाच्या जागेचा प्रश्न अजून कोऱ्या पाटीवर आहे. तेथील औद्योगिक वसाहत महामंडळाची, आजूबाजूची महाळुंगे, निघोजे, खराबवाडी ही गावे वेगळी आणि चाकण शहराची नगरपरिषद वेगळी, त्यामुळे साऱ्यांचे म्हणता येईल असे एकच सभागृह नाही. शिवाय कंत्राटी कामगारांपैकी असंख्य जण खोली भाड्याने घेऊन राहणारे, अनेकदा परप्रांतीय, आणि इथल्या मतदारयादीत नाव नसलेले आहेत. तळेगाव चौक किंवा आंबेठाण चौक या नाशिक रस्त्यावरच्या ठिकाणी कोंडी इतकी असते की तिथे पुतळा बसवणे म्हणजे त्याला धुराच्या स्वाधीन करणे होय. त्यापेक्षा महामंडळाने वसाहतीतील सार्वजनिक सुविधांसाठी राखलेल्या भूखंडांपैकी एक, बसथांब्यापासून चालत जाता येईल असा, निवडावा, तिथे पुतळ्याबरोबर अभ्यासिका आणि कामगार कायद्याची माहिती देणारे केंद्र असावे, त्याच्या वेळा पाळ्यांच्या वेळांशी जुळवाव्यात, आणि सूचना मागवण्याची जाहीर नोटीस मराठीबरोबर हिंदीतही, कारखान्यांच्या दारांवर लावली जावी.