पाहुण्या संघाचं ताट

६ नोव्हेंबर १८६९. न्यू जर्सी राज्यातल्या प्रिन्स्टन कॉलेजची मुलं आगगाडीत बसून जवळच्याच न्यू ब्रन्सविक गावी गेली. तिथल्या रटगर्स कॉलेजशी त्यांना चेंडूचा एक सामना खेळायचा होता. दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस खेळाडू होते. रटगर्सनं तो ६-४ असा जिंकला. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची सुरुवात याच सामन्यापासून मानली जाते. पण त्या दिवसाची खरी गंमत सामना संपल्यावर घडली. जिंकलेले आणि हरलेले एकत्र जेवायला बसले, आणि रात्री आठच्या सुमारास पाहुणे खुशीत घरी परतले. रटगर्सच्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात तशी नोंद आहे. पुढच्याच आठवड्यात प्रिन्स्टननं आपल्या मैदानावर ८-० अशी परतफेड केली.

म्हणजे परगावी जाऊन खेळायचा सामना, ज्याला तिकडे ‘अवे गेम’ म्हणतात, तो जन्माला आला तोच पंगत घेऊन. ती पंगत आता केवढी मोठी झाली आहे, हे पाहिलं की डोळे विस्फारतात.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांमधलं स्टेट कॉलेज हे गाव घ्या. गावाचं नावच ‘स्टेट कॉलेज’. वस्ती साधारण चाळीस हजारांची, आणि तिथल्या पेन स्टेट विद्यापीठाचं मैदान एक लाखाहून अधिक माणसं बसतील एवढं! आषाढीला पंढरपूर जसं फुगतं तसं हे गाव शरद ऋतूतल्या मोजक्या शनिवारी फुगतं, आणि रविवारी दुपारपर्यंत पुन्हा मूळ आकाराला येतं. असली गावं अमेरिकेत एक-दोन नाहीत, कितीतरी आहेत.

एवढी मोठी विद्यापीठं एवढ्या लहान गावांत का? याच्या उत्तरातला मोठा धागा १८६२ सालच्या एका कायद्याकडे जातो. यादवी युद्ध पेटलेलं असताना अब्राहम लिंकन यांनी ‘मॉरिल कायद्या’वर सही केली. प्रत्येक राज्याला, त्याच्या संसदेतल्या दर प्रतिनिधीमागे तीस हजार एकर सरकारी जमीन मिळाली. ती विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायची होती. शेती शिकवायची तर शेतं हवीत, गोठे हवेत. त्यामुळे यातली बरीच कॉलेजं मोठ्या शहरांपासून दूर वसली, आणि फुटबॉलच्याही आधी तिथे दूध आलं.

म्हणूनच पेन स्टेटला गेलात तर पहिली रांग लावायची ती विद्यापीठाच्या स्वतःच्या डेअरीत, बर्की क्रीमरीत. आइस्क्रीम कसं करायचं याचा छोटा अभ्यासक्रम या विद्यापीठात १८९२ पासून चालतो. बेन कोहेन आणि जेरी ग्रीनफिल्ड या दोन मित्रांनी याच विद्यापीठाचा आइस्क्रीमचा पत्राद्वारे अभ्यासक्रम पाच डॉलर भरून केला आणि १९७८ मध्ये व्हरमाँटमधल्या एका जुन्या पेट्रोल पंपात दुकान थाटलं. आज जगभर पोचलेलं ‘बेन अँड जेरीज’ ते हेच. क्रीमरीचा एक कडक नियम आहे : एका कोनात दोन स्वाद मिसळून मिळणार नाहीत. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आले तेव्हा त्यांच्यापुरता तो मोडला, ही गोष्ट गावात अजून कौतुकानं सांगतात.

विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला जायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळीच पोचा. त्या रात्री गावोगावच्या खानावळींत ‘फिश फ्राय’ असतो : पिठात बुडवून तळलेला मासा, बटाटा आणि कोबीची कोशिंबीर. जर्मन आणि पोलिश कॅथलिक कुटुंबं शुक्रवारी मांस वर्ज्य करत, त्यातून ही रीत रुजली. पुढे दारूबंदीच्या काळात गुत्त्यांना गिऱ्हाईक टिकवायला याच माशानं हात दिला. शनिवारी सकाळी राज्याच्या विधान भवनाभोवती शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तो १९७२ पासून सुरू आहे. लोक त्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. प्रदक्षिणेची सवय असलेल्या आपल्या पावलांना ते जरा अवघड जातं.

तिथे ‘चीज कर्ड्‌स’ घ्यायचे. चीज बनवताना पाणी निथळून गेल्यावर उरणारे हे ताजे, मऊ खडे. चावले की दाताखाली चक्क चूं-चूं वाजतात! दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाची जाळी कॅल्शियमनं घट्ट बांधलेली असते, ती दातांवर घासते आणि आवाज येतो. एक-दोन दिवसांत आम्लता वाढते, जाळी सैल पडते, आवाज बंद. म्हणजे ताजेपणाची परीक्षा कानानं! याच मॅडिसनमध्ये १८९० साली स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातला फॅट मोजायची सोपी चाचणी शोधली आणि तिचं पेटंट न घेता ती सगळ्यांना खुली करून टाकली. आपल्याकडे गावच्या डेअरीवर फॅट पाहून दुधाला भाव लागतो. तसा चोख भाव अमेरिकेतल्या शेतकऱ्याला मिळू लागला तो या चाचणीमुळे.

आता नेब्रास्का राज्यातलं लिंकन. १८६९ मध्ये, म्हणजे तो पहिला सामना झाला त्याच वर्षी, इथलं विद्यापीठ स्थापन झालं. आणि शहराला नाव मिळालं आहे ते मॉरिल कायद्यावर सही करणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचंच. इथे १९६२ पासून घरच्या एकाही सामन्याचं तिकीट शिल्लक उरलेलं नाही, असं गाव अभिमानानं सांगतं. मैदान भरलं की ओमाहा आणि लिंकन या दोन शहरांखालोखाल राज्यातली सर्वांत मोठी वस्ती त्या मैदानात असते.

इथे खायचा तो ‘रन्झा’. मऊ पावाच्या लांबट घडीत गोमांसाचा खिमा, कोबी आणि कांदा यांचं गरम सारण भरून भाजलेला. हाताला तेल लागत नाही, सारण सांडत नाही, थंडीत बोटं ऊबदार राहतात. मैदानातल्या थंडगार बाकावर खायला याहून सोयीचं काही नाही. पण हा पदार्थ कुठून आला ते ऐका. १७६३ मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिनं परदेशी शेतकऱ्यांना आपल्या देशात येऊन वसायचं आवतण दिलं. हजारो जर्मन कुटुंबं व्होल्गा नदीकाठी गेली. लष्करी सेवेतून त्यांना सूट होती. शंभरेक वर्षांनी, १८७० च्या दशकात, ती सूट गेली तेव्हा त्यांच्यातल्या पुष्कळांनी पुन्हा गाठोडी बांधली आणि ती अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशात आली. सोबत ही शिदोरी होती, शेतावर न्यायची. लिंकनमधल्या त्यांच्या जुन्या वस्त्यांपैकी एक, नॉर्थ बॉटम्स, आजच्या मैदानाला अगदी लागून आहे. १९४९ मध्ये याच लोकांतल्या सॅली एव्हरेट यांनी शहरात छोटं दुकान काढून रन्झा विकायला सुरुवात केली. आता त्याची दुकानं राज्यभर आहेत आणि सामन्याला तो मैदानातही मिळतो.

हे कळलं तेव्हा माझा घास हातातच राहिला. जर्मनी, व्होल्गा, नेब्रास्का : जो पदार्थ मी यजमानांचा म्हणून खात होतो, तो स्वतःच दोनदा परगावी जाऊन आलेला होता. तेव्हापासून प्रत्येक गावात ताट समोर आलं की मी आधी विचारतो, हे कुठून आलं?

लुईझियाना राज्यातल्या बॅटन रूजमध्ये या प्रश्नाचं उत्तर थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोचतं. इथल्या टायगर स्टेडियममध्ये १,०२,३२१ माणसं बसतात. १९८८ मध्ये ऑबर्नच्या संघाविरुद्ध शेवटच्या क्षणांत इथल्या लुईझियाना स्टेट विद्यापीठानं बाजी पलटवली तेव्हा लोक असे उसळले, की विद्यापीठातल्या भूकंपमापकावर त्याची नोंद उमटली. पण या गावात जेवायचं ते हॉटेलात नाही, मैदानाबाहेरच्या वाहनतळावर. पिकअप गाडीचा फाळका खाली पाडायचा, त्यावर पातेली मांडायची. त्या फाळक्याच्या इंग्रजी नावावरूनच या जेवणाला ‘टेलगेटिंग’ म्हणतात. पहाटेपासून मोठमोठ्या बिडाच्या कढया चुलाणांवर चढतात. त्यात जांबलाया शिजतो : सॉसेज, कोंबडी आणि तांदळाचा एकत्र भात. फ्लोरिडाचा संघ आला, की त्यांचं मानचिन्ह असलेल्या मगरीचं मांस तळतात. आर्कान्सा आला, की त्यांच्या रानडुकराच्या नावानं डुक्कर भाजतात.

आणि गंबो. आफ्रिकेतल्या बांटू भाषांत भेंडीला जे नाव आहे, त्यावरूनच हा शब्द आला असं भाषेचे अभ्यासक मानतात. गुलाम करून जहाजांत कोंबलेली माणसं या किनाऱ्यावर उतरली, त्यांच्याबरोबर भेंडीही उतरली. तिच्यात तेला-तुपात पीठ भाजून करायचा फ्रेंच ‘रू’ मिळाला, आणि सॅसाफ्रास झाडाच्या पानांची, चॉक्टॉ या मूळ रहिवाशांकडून आलेली पूडही मिळाली. तीन खंडांची माणसं एका पातेल्यात! आपण भेंडीची तार जावी म्हणून भाजीत आमसूल टाकतो किंवा लिंबू पिळतो. इथे तीच तार रस्सा दाट करायला लागते. जे आपण घालवतो, त्यावरच त्यांचं अख्खं पक्वान्न उभं आहे. एकच भेंडी, आणि दोन समुद्रांपलीकडे तिच्या स्वभावाचा असा उलटा उपयोग!

ही भेंडी पुढे मिसिसिपी राज्यातल्या ऑक्सफर्डला पुन्हा भेटते. तिथे ‘ग्रोव्ह’ म्हणून दहा एकरांची झाडी आहे. सामन्याच्या दिवशी ती तंबूंनी भरून जाते. तंबूत झुंबरं टांगतात, टेबलांवर चांदीची तबकं मांडतात आणि त्यांत तळलेली कोंबडी, मसाला भरलेली अंडी. गावापासून काही मैलांवर टेलर नावाच्या खेड्यातल्या जुन्या वाणसामानाच्या दुकानात तळलेला कॅटफिश मिळतो. आणि गावातल्या ‘स्नॅकबार’ या खानावळीत विश्वेश भट यांनी भेंडीचं चाट लोकांना खायला घातलं. गुजरातेत जन्मलेले भट इथल्या विद्यापीठात शिकायला आले आणि इथेच रमले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला सर्वोत्कृष्ट शेफ म्हणून त्यांना जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये त्यांचं पाककृतींचं पुस्तक आलं, त्याच्या नावाचा अर्थ ‘मी इथलाच’ असा होतो. रन्झालाही हेच म्हणता येईल, गंबोलाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. शनिवारी सामन्याच्या आधी आणि नंतरचे दोन-दोन तास नावाजलेल्या जागा टाळा. शुक्रवारची रात्र आणि रविवारची सकाळ खरी. अलाबामातल्या टस्कलूसाला गेलात, तर मूळ ‘ड्रीमलँड’ गाठा. जॉन बिशप यांनी ते १९५८ मध्ये सुरू केलं, पॉल ब्रायंट इथल्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून गावात आले त्याच वर्षी. लाकडाच्या आचेवर भाजलेल्या डुकराच्या बरगड्या आणि सॉस पुसून खायला साधा पांढरा पाव, एवढ्यावर त्याचं नाव झालं. शाकाहारी असाल तर दक्षिणेत पालेभाजी आणि राजमा दिसला तरी आधी विचारा. दोन्हींत डुकराच्या मांसाचा तुकडा घालायची जुनी रीत आहे. पेन स्टेटचं आइस्क्रीम मात्र तुमच्या हक्काचं. मुलं तिकडे शिकतात म्हणून जाणारे कितीतरी मराठी आईवडील या गावांतून फिरून येतात. मुक्कामात एखादा शनिवार असा ठेवावा.

आणि एक शेवटचं. परगावी जाताना आपल्या संघाचा शर्ट लपवू नका, घालूनच जा. बॅटन रूजमध्ये तो रंग पाहून लोक आधी ‘वाघाचं भक्ष्य’ म्हणून ओरडतील, आणि मग त्यांच्यातलाच कुणीतरी गंबोचा वाडगा हातात देईल. लिंकनमध्ये पाहुणा संघ मैदानातून परतायला लागला, की घरचे प्रेक्षक उभं राहून टाळ्या वाजवतात. पाहुणा कोण ते ओळखू आलं, तरच त्याला जेवायला वाढता येतं.