ताशी एक मैल

बँकेतल्या माणसाला मार्चअखेर निवांत बसलेला कुणी पाहिला आहे का? नोकरीची सारी वर्षे मी तो महिना लेजर आणि ताळेबंदात घालवला. मुलाचा वाढदिवस नेमका शेवटच्या आठवड्यातला. केक कापून झाल्यावर घरी पोहोचणारा बाप, एवढीच त्याची माझ्याबद्दलची आठवण. म्हणून निवृत्तीनंतर मी अमेरिकेत त्याच्याकडे असताना तो म्हणाला, "बाबा, या वाढदिवसाला माझ्याबरोबर होडीत चला," तेव्हा नाही म्हणायला मला तोंडच नव्हते.

मिसिसिपी राज्यात यालोबुशा नदीवर १९५४ साली पूरनियंत्रणासाठी धरण पुरे झाले. त्याचा जलाशय म्हणजे ग्रेनेडा लेक. तिथल्या 'क्रॅपी' माशाचे शौकीन लांबलांबून येतात. हा चंदेरी, चपटा मासा वसंतात अंडी घालायला उथळ पाण्याकडे सरकतो. म्हणजे त्याचाही हंगाम मार्चअखेरचाच!

होडीमागे आठ काठ्यांच्या दोऱ्या पाण्यात सोडलेल्या. प्रत्येकीच्या टोकाला इवलासा शिशाचा गळ. विजेवरची छोटी मोटर होडी हळूहळू ओढत होती. यालाच ट्रोलिंग म्हणतात. पडद्यावर वेग दिसत होता, ताशी एक मैल. माणूस रमतगमत चालला तरी त्याहून पुढे जाईल.

"जरा वाढव की," मी म्हणालो.

"वाढवला तर गळ वर येतील, बाबा. कमी केला तर खाली जातील. इथे खोली वेगानेच ठरते."

क्रॅपी बहुधा वर बघून खातो. गळ त्याच्या किंचित वर हवा. फार खाली गेला तर माशाला दिसतच नाही. वारा पाठीवर आला की होडी आपसूक पळू लागते. तेव्हा मुलाने छत्रीसारखी एक कापडी पिशवी पाण्यात सोडली. तिच्यात पाणी भरले आणि होडीला लगाम बसला.

मग त्याने होडी सावकाश उजवीकडे वळवली. वळणात आतल्या बाजूच्या दोऱ्या मंदावून खाली जातात, बाहेरच्या वेग घेऊन वर येतात. उजवीकडच्या दोन काठ्या लागोपाठ वाकल्या. "बघा, आपण जोरात जात होतो," असे म्हणून त्याने वेग किंचित उतरवला. सरळ रेषेत जाताना न कळलेली चूक वळणावर कळली.

पहिला मासा मी हिसका देऊन ओढला, आणि तो सुटला. क्रॅपीच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ, म्हणून तिकडे त्याला 'पेपरमाउथ' असेही म्हणतात. मुलगा रागावला नाही. लहानपणी त्याची बेरीज चुकली की मी किती रागावत असे, ते मात्र मला आठवले.

दुपारी त्याने मोटर माझ्या हाती दिली. आकडा एकच्या वर जाऊ द्यायचा नाही, एवढेच काम. वाटले त्याहून फार अवघड होते. पण त्या संथपणात तो बोलू लागला. नोकरीबद्दल, मुलीबद्दल, आईच्या आजारपणात येता आले नाही त्याबद्दल. मी मध्ये बोललो नाही. नजर आकड्यावर ठेवली आणि ऐकत राहिलो.

संध्याकाळी घरी केक होता. या वेळी मी वेळेवर पोहोचलो होतो.