सगळ्यांच्या घरी १९२.१६८.१.१

सांगलीहून एका वाचक शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. घरी फायबरचं कनेक्शन घेतलं, फायबरवाला त्याचा डबा बसवून गेला. मागच्या खोलीत रेंज पोचेना, म्हणून त्यांनी माळ्यावरचा जुना राउटर काढला, पुसला आणि केबलने नव्या डब्याला जोडला. तेव्हापासून नेट मनात येईल तेव्हा चालतं. सेटिंग बघायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की कधी एका डब्याचं पान उघडतं, कधी दुसऱ्याचं. (आकडे इथे देवनागरीत छापलेत, ब्राउझरला मात्र इंग्रजीच लागतात.) पुढे त्या लिहितात, ‘शेजारच्या वहिनींकडे हाच नंबर, पुण्याला भावाकडेही हाच. मग इंटरनेटवर प्रत्येकाचा पत्ता वेगळा असतो असं मी मुलांना शिकवते, ते खोटं का?’

खोटं नाही. पण १९९४ पासून ते पुरतं खरंही राहिलेलं नाही.

आधी वडगावला जाऊन येऊ. कोणत्या वडगावला, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर अर्धा लेख तुम्हाला समजलाच आहे. वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक ही सगळी एकट्या पुणे जिल्ह्यातली. पत्रावर नुसतं ‘मु. पो. वडगाव’ लिहिलं की पोस्टमनने काय करायचं? हा घोळ निस्तरण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड आला, आणि तो आणला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार. आपण रोज कुठल्या ना कुठल्या फॉर्मवर हे सहा आकडे लिहितो आणि त्यांच्या जनकाचं नाव दहातल्या नऊ मराठी माणसांना ठाऊक नसतं, याची मला जरा चीडच आहे.

वेलणकरांच्या रचनेची गंमत अशी की, आकडे डावीकडून वाचत जावं तसं आपण गावाच्या जवळ जातो. ४ म्हणजे देशाचा आपला भाग, ४११ म्हणजे पुणे, आणि ४११०३० म्हटलं की थेट सदाशिव पेठ. कोलकात्यातल्या सॉर्टिंगवाल्याला सदाशिव पेठ कुठे आहे हे माहीत असण्याची गरजच नाही. त्याने पहिले आकडे बघायचे आणि थैली पश्चिमेला रवाना करायची. शेवटचे तीन आकडे पुण्यातला माणूस बघेल.

इंटरनेटचा पत्ता नेमका असाच वाचला जातो. राउटरच्या पानावर आयपी अ‍ॅड्रेसच्या खाली २५५.२५५.२५५.० असं काहीतरी असतं आणि त्याला सबनेट मास्क म्हणतात. त्याचा अर्थ इतकाच की, पत्त्याचे पहिले तीन भाग म्हणजे ‘गाव’ आणि चौथा भाग म्हणजे ‘घर’. तुमच्या फोनला १९२.१६८.१.७ वर काही पाठवायचं असेल, तर तो मास्क लावून बघतो: गाव आपलंच आहे, म्हणजे थेट हाक मारू. गाव वेगळं निघालं तर चिठ्ठी वेशीवर नेऊन द्यायची. ती वेस म्हणजे गेटवे, अर्थात तुमचा राउटर.

आता बाईंच्या घरात काय झालं ते दिसेल. केबल जुन्या राउटरच्या लॅन, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या, पोर्टमध्ये गेली, त्यामुळे दोन्ही डबे एकाच गावात आले आणि दोघेही सांगू लागले की १९२.१६८.१.१ मीच. एका आळीत एकाच नावाचे दोन जोशी! ज्याने आधी ‘ओ’ दिली त्याच्याकडे पत्र. त्यातला एक जोशी बाहेरच्या जगाशी जोडलेला आहे, दुसरा नाही.

पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या डब्यांवर एकच नंबर कसा? इथे गोष्ट सुरू होते, आणि मला खरं तर तीच सांगायची आहे.

१९७७ च्या सुमाराला इंटरनेटच्या जनकांपैकी एक व्हिंट सर्फ आणि मंडळी इंटरनेटचा पत्ता किती लांबीचा असावा यावर वाद घालत होती. कुणी १२८ बिट म्हणत होतं, कुणी बदलत्या लांबीचा पत्ता मागत होतं. शेवटी सर्फ यांनी ३२ बिटवर शिक्का मारला. प्रयोगच तर आहे, प्रयोगाला एवढं पुष्कळ झालं, असा त्यांचा हिशेब होता. नंतर अनेक भाषणांत त्यांनी तो हसत हसत कबूलही केला आहे. ३२ बिट म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते. तेव्हा जगाची लोकसंख्याही साधारण तेवढीच होती. माणशी एक! घरटी आठ-दहा यंत्रं होतील, टीव्ही आणि बल्बसुद्धा पत्ता मागतील, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

सुरुवातीचं वाटप जहागिरी वाटाव्यात तसं झालं. एमआयटीला १८ ने सुरू होणारे सगळे पत्ते मिळाले, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. एका विद्यापीठाला. (२०१७ मध्ये त्यांनी त्यातले बरेचसे विकायला काढले.) ही खतावणी सांभाळायचे जॉन पोस्टेल, दाढीवाले, ऋषितुल्य गृहस्थ. १९९० उजाडेपर्यंत जहागिरी संपत आल्या हे सगळ्यांना दिसू लागलं.

त्याच वर्षी अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचा पूर्वज, बंद झाला. त्याच्याकडे १० नंबरचं अख्खं गाव होतं, ते ओस पडलं. मार्च १९९४ मध्ये आयबीएमचे रेख्टर, क्रायस्लर या मोटार कंपनीचे मॉस्कोविट्झ आणि युरोपातल्या पत्त्यांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेतले कारेनबर्ग व दे ग्रोट यांनी एक प्रस्ताव मांडला. ओस पडलेलं १० नंबरचं गाव, १७२.१६ ते १७२.३१ हा पट्टा आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते कुणालाच द्यायचे नाहीत, म्हणजेच सगळ्यांना द्यायचे. आपापल्या भिंतींच्या आत कुणीही वापरा. बाहेरच्या रस्त्यावर मात्र हे पत्ते चालणार नाहीत. क्रायस्लरचा माणूस यात का, तर कारखान्यातल्या यंत्राला जगाशी बोलायचं नसतं, शेजारच्या यंत्राशी बोलता आलं की भागतं.

त्यावर चारच महिन्यांत खरमरीत विरोध छापून आला. एकच पत्ता दोन ठिकाणी असणं हा इंटरनेटच्या मूळ तत्त्वालाच तडा आहे. उद्या दोन कंपन्या एक झाल्या आणि दोघींकडे १० नंबरचंच गाव असलं, तर काय कराल? विरोधकांत एलियट लिअर नावाचे गृहस्थ होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रस्तावाची सुधारित आवृत्ती निघाली, जी आजही लागू आहे. तिच्या पाच लेखकांतलं शेवटचं नाव वाचा: एलियट लिअर. भांडणाऱ्यालाच मसुद्याला बसवायची ही पद्धत आपल्या सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांनी उचलावी.

आता घरातले पत्ते बाहेर चालत नाहीत, तर घरातला फोन बाहेरच्या जगाशी बोलतो कसा? मे १९९४ मध्ये डेन्मार्कचे केल्ड एगेवांग आणि तेव्हा जपानमध्ये काम करणारे पॉल फ्रान्सिस यांनी अवघ्या काही पानांत याचं उत्तर लिहिलं. त्याला नॅट म्हणतात. ऑफिसातल्या ईपीएबीएक्ससारखाच प्रकार. आत शंभर एक्स्टेन्शन, बाहेर एकच नंबर, मध्ये ऑपरेटर. राउटर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा ‘प्रेषक’ खोडून स्वतःचा पत्ता लिहितो आणि कुणाचं पाकीट होतं याची नोंद वहीत ठेवतो. उत्तर आलं की वही बघून आतल्या माणसाला देतो. हे काम करणारं पहिलं गाजलेलं यंत्र बाजारात आलं, त्याचं नावही टेलिफोन एक्स्चेंजवरूनच बेतलं होतं: प्रायव्हेट इंटरनेट एक्स्चेंज, पिक्स.

सर्फ यांचे पुतळे उद्या उभे राहतील, राहोत. पण आज घराघरांतलं इंटरनेट चालतं ते एगेवांग आणि फ्रान्सिस यांच्या या ठिगळावर. ते कायमचं उत्तर नव्हे, तोवरची सोय आहे, असं त्या दोघांनीच लिहून ठेवलं होतं. कायमचं उत्तर म्हणजे १२८ बिटांचे पत्ते, आयपीव्ही६. त्यांचा पहिला आराखडा १९९५ मध्ये तयार झाला. जुने पत्ते ३ फेब्रुवारी २०११ रोजी मुख्य कोठारातून संपले, आणि १५ एप्रिलला आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाची गंगाजळीही शेवटच्या राखीव साठ्यावर आली. तरी ठिगळ आहे तिथेच आहे. उलट त्यावर आणखी एक ठिगळ लागलं: आता बऱ्याचदा कंपनीच तुमच्या राउटरला खरा पत्ता देत नाही, अख्ख्या वस्तीत मिळून एक देते. राउटरच्या पानावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या शीर्षकाखालचा पत्ता बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा भाग ६४ ते १२७ च्या मधला असेल, तर तुम्हीही वाड्यातले बिऱ्हाडकरूच आहात. दारावरचा सीसीटीव्ही गावाहून दिसावा म्हणून कुणी तुम्हाला पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, करून देत असेल, तर पैसे देण्याआधी हे तपासा. वाड्याचा दिंडी दरवाजा तुमच्या हातात नाही.

आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे, आणि त्याचं बरंचसं श्रेय उशिरा येण्याला आहे. आपले कोट्यवधी लोक मोबाइलवर नेटवर आले तेव्हा जुने पत्ते संपलेच होते.

राहिला प्रश्न घरातल्या पत्त्यांच्या वाटपाचा. पूर्वी प्रत्येक यंत्रात हाताने आकडे भरावे लागत. पेनसिल्व्हेनियातल्या बकनेल विद्यापीठातले राल्फ ड्रोम्स यांच्या डीएचसीपी नावाच्या पद्धतीने १९९३ मध्ये ते थांबवलं. नवा फोन घरात आला की तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो, ‘कुणी पत्ता देता का?’ राउटर म्हणतो, ‘हा घे.’ फोन म्हणतो, ‘हाच घेऊ ना?’ राउटर म्हणतो, ‘घे, चोवीस तासांसाठी.’ ही मुदत म्हणजे चक्क भाडेकरार. मूळ नियमांतही शब्द ‘लीज’ हाच आहे. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या करारापेक्षा एका बाबतीत हे भाडेकरू शहाणे: अर्धी मुदत संपली की नूतनीकरणाला स्वतःहून येतात.

मी एकदा प्रिंटरला हाताने कायमचा पत्ता दिला आणि तो वाटपाच्या यादीतून वगळायला विसरलो. काही दिवस बरं चाललं. मग एका रविवारी पाहुण्यांच्या फोनला राउटरने तोच पत्ता देऊन टाकला आणि प्रिंटर बेपत्ता. पाहुणे गेल्यावर तो आपोआप सापडला, तेव्हा कुठे उलगडा झाला. वाटप १०० ते १९९ मध्ये ठेवायचं आणि कायमचे पत्ते ५० च्या आसपास द्यायचे, म्हणजे अशी गाठ पडत नाही.

राउटरच्या पानावरचा ‘हा एक आकडा बदला, स्पीड दुप्पट’ असे व्हिडिओही सध्या फिरत असतात. तो आकडा डीएनएसचा असतो, आणि डीएनएस ही फक्त नावावरून पत्ता सांगणारी डिरेक्टरी आहे. डिरेक्टरी पटकन उघडली म्हणून एसटी लवकर पोचत नाही. उलट कुणी ऐऱ्यागैऱ्याने सांगितलेली डिरेक्टरी वापरण्यात धोका आहे. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने उघडकीला आणलेल्या टोळीने हेच केलं होतं: जगभरातल्या सुमारे ४० लाख संगणकांत स्वतःची डिरेक्टरी घुसवली आणि लोकांना हव्या त्या पानाऐवजी भलत्याच पानावर नेलं. राउटरचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’च राहू देणाऱ्यांनी ही गोष्ट दोनदा वाचावी.

आता बाईंसाठी. जुना राउटर केबल काढून एकटा चालू करा आणि फोन त्याच्याच वायफायला जोडा. लॅनच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी बंद करा, सेव्ह करा. मग केबल पूर्वीसारखीच लॅन पोर्टमध्ये लावा. नवा डबा हा २ क्रमांक दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना, तेवढं आधी बघून घ्या. हे नको असेल तर केबल वॅन पोर्टमध्ये लावा आणि जुन्या राउटरला वेगळं गावच द्या. मी तसंच केलं आहे. माझ्या मागच्या खोलीतल्या डब्याचा पत्ता १९२.१६८.२.१ आहे. तो पेपरात छापायला माझी काहीच हरकत नाही. बाहेरून त्यावर कुणाला पोचताच येत नाही.