वजन नॉर्मल, पण पोट सुटलंय? काट्यावर विसंबू नका, टेप लावा

समजा, देऊळघाटमधले चाळिशीचे एक गृहस्थ आहेत. उंची १६५ सेंटीमीटर, वजन ६० किलो. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय येतो २२, म्हणजे अगदी प्रमाणात. हातपाय सडपातळ, फक्त शर्टाची पोटावरची बटणे ताणलेली. टेप लावली तर कंबर ९४ सेंटीमीटर! 'मी कुठे जाड आहे?' असे म्हणत असा माणूस तपासणी टाळतो. पण हृदयविकाराचा धोका त्यालाही आहे.

वजन का फसवते?

काटा फक्त किलो सांगतो. त्यात चरबी किती, स्नायू किती आणि चरबी कुठे साठली, हे सांगत नाही. याचे गाजलेले उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. ही तुलना २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छायाचित्रासह प्रसिद्ध झाली.

हे जन्मापासूनच सुरू होते. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील बाळांशी केली. आपली बाळे वजनाने बरीच कमी होती, स्नायूही कमी होते. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती.

पोटाचीच चरबी घातक का?

चिमटीत येते ती त्वचेखालची चरबी तुलनेने कमी त्रासदायक. खरा धोका यकृत आणि आतड्यांभोवती साठणाऱ्या आतल्या चरबीचा. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृतात पोहोचतात. इन्सुलिनचे काम मंदावते, साखर वाढते, रक्तातील ट्रायग्लिसराइड्स वाढतात आणि चांगले कोलेस्टेरॉल घटते. रक्तदाब वाढण्याची शक्यताही वाढते. हे सगळे मिळून हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद करतात.

धोक्याची रेषा कोणती?

• भारतीय पुरुष : कंबर ९० सेंटीमीटर (सुमारे साडेपस्तीस इंच) किंवा जास्त
• भारतीय महिला : ८० सेंटीमीटर (सुमारे साडेएकतीस इंच) किंवा जास्त
• सोपा नियम : कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी

कंबर कशी मोजाल?

सरळ उभे राहा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप आडवी लावा. पोट आत ओढू नका. सहज श्वास सोडल्यावर माप घ्या. पँटच्या नंबरवर जाऊ नका. पोट वाढले की पँट खाली सरकते, नंबर तोच राहतो.

गावात तपासणी कुठे?

आशा सेविका तिशीपुढील प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम आणि घरातील आजारांबरोबर कमरेच्या मापालाही गुण असतात. एकूण गुण ४ पेक्षा जास्त आले तर तपासणी आधी करावी लागते. गुण कमी आले तरी तिशीनंतर रक्तदाब आणि साखर तपासायलाच हवी. कंबर जास्त असेल तर डॉक्टरांना विचारून कोलेस्टेरॉलही तपासा.

काय करावे?

फक्त पोटाचे व्यायाम करून पोटाची चरबी जात नाही. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चाला आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा. साखरेचा चहा, तळलेले पदार्थ, मैदा आणि दारू कमी करा. तंबाखू बंद करा. डाळ, उसळ, अंडी यांतून प्रथिने वाढवा. वजन फारसे हलले नाही तरी कंबर उतरू शकते, म्हणून दर महिन्याला टेप लावा.

आणि एक लक्षात ठेवा. छातीवर दाब, दरदरून घाम, दम लागणे किंवा डाव्या हातात, जबड्यात कळ आली तर 'गॅस झाला असेल' म्हणून थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा. बारीक माणसालाही हार्ट अटॅक येतो.