सही तपासून घेणारे भांडार

आळेफाट्याहून नगरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर जुन्नर तालुक्यातले राजुरी गाव येते. याच तालुक्यात, खोडदला, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप म्हणजे जीएमआरटी ही दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ खोडदजवळ एकत्र, बाकीच्या १६ तीन दिशांना लांबवर गेलेल्या. विज्ञान दिनाला इथे शाळांच्या मुलांची रीघ लागते आणि सगळ्यांच्या माना वर असतात. मला मात्र त्या मुलांना आतले संगणक दाखवावेसे वाटतात. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय आकाशाचे चित्र तयार होत नाही. हे काम पूर्वी खास त्यासाठी घडवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रे करत. पुढे इथल्या शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी बाजारात मिळणारे संगणक एकमेकांना जोडले, त्यांवर लिनक्स ही कार्यप्रणाली चढवली आणि तेच गणित सॉफ्टवेअरच्या जोरावर, संकेत येतील त्या वेगाने, करून दाखवले. ही रचना २०१० मध्ये शोधनिबंधातून जगापुढे आली.

लिनक्स राजुरीच्या परिसरातही आहे. गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जवळच बेल्ह्याच्या बांगरवाडीतही आहे आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला लिनक्सशी ओळख करून घ्यावीच लागते. खोडदच्या नियंत्रण कक्षातला संगणक आणि कॉलेजच्या लॅबमधला जुना डेस्कटॉप यांची ताकद कितीही वेगळी असो, दोघांपुढचा प्रश्न एकच आहे. त्यांवर चालणारे हजारो प्रोग्रॅम येतात कुठून, आणि त्यांत सुरक्षेचे भोक सापडले तर ते बुजवते कोण?

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या तोंडी फार असते. ते खोटे आहे, आणि माणसाला गाफील करते म्हणून धोक्याचेही आहे. लिनक्सचा जो काही सुरक्षितपणा आहे, त्याचा मोठा भाग त्याच्या भांडार-व्यवस्थेतून येतो. विंडोजवर आपण एखादा प्रोग्रॅम इंटरनेटवर शोधतो, मिळेल त्या संकेतस्थळावरून उतरवतो आणि चालवतो. लिनक्सवर रीत वेगळी. त्याची डेबियन, उबुंटू, फेडोरा अशी वेगवेगळी रूपे आहेत; त्यांना वितरणे म्हणतात, आणि प्रत्येक वितरणाचे स्वतःचे भांडार असते. त्याला रिपॉझिटरी म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या १३व्या आवृत्तीच्या भांडारात सुमारे ७० हजार पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार प्रोग्रॅमचे गठ्ठे, आहेत. वेब सर्व्हर आहे, गणिताची साधने आहेत, खगोलशास्त्रज्ञांची साधने आहेत आणि आपली अक्षरे पडद्यावर उमटवणारे ‘लोहित देवनागरी’ टंकही त्यातच आहेत. कोणत्या पॅकेजला दुसरे कोणते लागते याची नोंद भांडारातच असते, त्यामुळे एक मागितले की त्याला लागणारी बाकीची आपोआप येतात.

हे भांडार एका ठिकाणी नसते. जगभरातल्या विद्यापीठांनी, संस्थांनी आणि कंपन्यांनी त्याच्या प्रती ठेवलेल्या असतात. त्यांना मिरर म्हणतात. आपला संगणक जवळच्या मिररकडून पॅकेज घेतो. आता शंका येईल की मिरर चालवणारा माणूस आपल्याला माहीत नाही, मग त्याने मधेच काही मिसळले तर?

इथेच या व्यवस्थेचे खरे कौशल्य आहे. प्रत्येक पॅकेजचा एक गणिती ठसा काढतात. फायलीतला एक बिट जरी बदलला तरी हा ठसा पार वेगळा येतो. डेबियन आणि उबुंटूमध्ये सगळ्या पॅकेजेसचे ठसे एका यादीत, त्या यादीचा ठसा ‘रिलीज’ नावाच्या फायलीत, आणि त्या एका फायलीवर वितरणाची डिजिटल सही. सही तपासण्याची किल्ली आपल्या संगणकात पहिल्यापासून असते. म्हणजे सही एका छोट्या फायलीवर केली, तरी ती साखळीने ७० हजार पॅकेजेसना लागू पडते. शेतकऱ्याला हे नवे नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा कोणत्या केंद्रातून काढला याला महत्त्व नसते. त्यावरची सही खरी ठरली की उतारा चालतो. पॅकेजचेही तसेच आहे. ते कोणत्या वाटेने आले हे गौण, सही जुळली पाहिजे. डेबियनमध्ये ही तपासणी २००७ च्या आवृत्तीपासून सर्रास सुरू झाली.

पण नुसती सही पुरत नाही, हे २००८ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले. जस्टिन कॅपोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोट्या ओळखीने एक सर्व्हर भाड्याने घेतला आणि उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे, सेंटओएस, डेबियन या पाचही वितरणांकडे मिरर म्हणून अर्ज केला. पाचही ठिकाणी तो मान्य झाला. असा मिरर पॅकेजमध्ये विष कालवू शकत नाही, कारण सही जुळणार नाही. तो दुसरे काही करू शकतो: जुनीच यादी देत राहायची. ती खरी असते, तिच्यावर सहीही खरी असते, फक्त शिळी असते. ज्या पॅकेजमधले भोक जगाला कळले आहे तेच तुमच्या संगणकावर राहते आणि संगणक समजतो की आपण अद्ययावत आहोत. यावर उपाय म्हणून डेबियन आता सुरक्षा-भांडाराच्या यादीला थोड्या दिवसांची मुदत घालते. मुदत टळली की संगणक ती यादी नाकारतो. मला स्वतःला हे संशोधन फार मोलाचे वाटते. हल्लेखोराला काही नवे टाकायची गरज नाही, जुने टिकवून ठेवले तरी त्याचे काम भागते, हे त्याने सांगितले.

आणि हीच गोष्ट रोजच्या वापरात आपण आपल्या हाताने करत असतो. उबुंटू किंवा डेबियनवर पॅकेजेसचा व्यवहार ‘ॲप्ट’ नावाचे साधन पाहते. त्याला ‘अपडेट’ म्हटले की ते फक्त नवी यादी आणते. यादीतली नवी पॅकेजेस प्रत्यक्ष बसवायला ‘अपग्रेड’ म्हणावे लागते. पहिली आज्ञा देऊन समाधानाने उठणारे अनेक जण आहेत. त्यांच्या संगणकावर काहीच बदललेले नसते.

राजुरीसारख्या गावात आणखी दोन अडचणी असतात, इंटरनेटची आणि विजेची. लॅबमधल्या चाळीस संगणकांनी एकच पॅकेज चाळीस वेळा उतरवायचे तर दुपार जाईल. त्यासाठी ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ आहे. लॅबमधला एक संगणक मध्यस्थ होतो, पॅकेज एकदाच बाहेरून येते आणि बाकीच्यांना आतल्या आत मिळते. इंटरनेट अजिबात नसलेल्या संगणकासाठी ऋतेश राज सराफ या भारतीय डेबियन विकासकाने ‘ॲप्ट-ऑफलाइन’ लिहिले. इंटरनेट नसलेला संगणक आपल्याला काय हवे याची फाइल बनवतो, ती पेनड्राइव्हवर घेऊन इंटरनेट असलेल्या संगणकाकडे जायचे, तिथून पॅकेजेस आणायची आणि बसवायची. पेनड्राइव्ह आळेफाट्याला जाऊन आला, चार हातांतून फिरला, तरी बसवताना सही तपासली जाते.

विजेचे उत्तरही आधीच विचार करून ठेवलेले आहे. पॅकेज बसता बसता लाइट गेली तर संगणक कायमचा बिघडेल या भीतीने कितीजण अपग्रेडच टाळतात. डेबियनच्या मुळाशी असलेले ‘डीपीकेजी’ हे साधन प्रत्येक पायरी डिस्कवर नोंदवते. वीज आल्यावर अर्धवट राहिलेले काम पुरे करायची एक आज्ञा द्यायची, आणि ते जिथे थांबले होते तिथून पुढे जाते. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

शास्त्रज्ञाची अडचण वेगळी आहे आणि ती मला जास्त खोल वाटते. निरीक्षणे करणारा माणूस सॉफ्टवेअर बदलायला बिचकतो, आणि त्यात आळस नसतो. मार्चमध्ये काढलेला आकडा आणि नोव्हेंबरमध्ये काढलेला आकडा यांची तुलना करायची असेल, तर मधल्या काळात गणित करणारे साधन बदलून चालत नाही. त्याला सुरक्षा हवी असते, पण बदल नको असतो.

या पेचावर लिनक्स वितरणांनी काढलेली तोड म्हणजे बॅकपोर्ट. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ उघडकीला आले. इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या साधनात असे भोक निघाले की बाहेरचा माणूस सर्व्हरच्या स्मृतीतले तुकडे वाचू शकत होता. त्यात पासवर्ड असू शकत, गुप्त किल्ल्याही. मूळ लेखकांनी १.०.१जी ही नवी आवृत्ती काढली. डेबियनने ती घेतली नाही. आपल्याकडची जुनी १.०.१ई तशीच ठेवली, नव्या आवृत्तीतली तेवढी दुरुस्ती काढून जुनीत बसवली आणि पॅकेजच्या क्रमांकाच्या शेपटीला ‘डेब७यू५’ जोडले. भोक बुजले, बाकीचे वागणे जसेच्या तसे. फक्त आवृत्ती-क्रमांक पाहून ‘हे जुने आहे, म्हणजे असुरक्षित आहे’ असा निष्कर्ष काढणारे तपासनीस इथे चुकतात. शेपूटही वाचावे लागते. आणि एक गोष्ट तेव्हा अनेकांना कळली: डिस्कवरचे पॅकेज बदलले तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम स्मृतीतली जुनी प्रतच वापरत राहतो. तो बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय दुरुस्ती लागू होत नाही. लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, दुरुस्ती असेल तर सहसा संगणकच नव्याने सुरू करावा लागतो.

कित्येक वर्षे न बदलणारी आणि तरीही दुरुस्त होत राहणारी प्रणाली विज्ञानाला इतकी हवी होती की अमेरिकेतल्या फर्मिलॅबने आणि युरोपातल्या सर्नने मिळून ‘सायंटिफिक लिनक्स’ नावाचे वितरणच चालवले. रेड हॅट कंपनीच्या लिनक्सच्या खुल्या स्रोतावरून ते बांधलेले होते. त्याच्या ७व्या आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ ला संपली. पुढची आवृत्ती निघालीच नाही. दोन्ही प्रयोगशाळांनी आता अल्मालिनक्स या वितरणाचा मार्ग धरला आहे. मुदत संपलेल्या प्रणालीचा संगणक दुसऱ्या दिवशीही नेहमीसारखाच सुरू होतो, म्हणून लोक फसतात. त्याला दुरुस्त्या येणे थांबलेले असते आणि पडद्यावर सहसा काही दिसत नाही.

दुर्बिणींवर कोण कशाला हल्ला करील, असे वाटत असेल तर चिलीतल्या ‘अल्मा’ या रेडिओ दुर्बिणीकडे पाहावे. २९ ऑक्टोबर २०२२ ला या वेधशाळेच्या संगणक-यंत्रणेवर हल्ला झाला. तबकड्यांना आणि साठवलेल्या निरीक्षणांना धक्का लागला नाही, पण निरीक्षणे थांबवावी लागली आणि ती पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर उजाडला. जगातल्या शास्त्रज्ञांनी वर्ष वर्ष वाट पाहून मिळवलेला दुर्बिणीचा वेळ असा वाया गेला. मोठी गणनशक्ती, चोवीस तास जोडलेली लाइन आणि जुनी सॉफ्टवेअर्स जिथे एकत्र येतात, तिथे हल्लेखोराला आकाशात रस असण्याची गरज नसते.

सहीच्या साखळीला एक मर्यादा आहे आणि ती २९ मार्च २०२४ ला सगळ्यांना दिसली. आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता डेबियनच्या ‘अस्थिर’ आवृत्तीवर काम करत होता. दूरच्या संगणकात शिरायला लागणारा वेळ साधारण अर्ध्या सेकंदाने वाढला आहे, हे त्याच्या लक्षात आले. त्याने माग काढला तो फायली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साध्याशा साधनापर्यंत. ‘जिया तान’ नाव लावणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षे मदत करून मूळ लेखकाचा विश्वास मिळवला होता, देखभालीचा अधिकार हाती घेतला होता आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवले होते. पॅकेजवर सही होती, ती खरी होती, साखळीत कुठेही खंड नव्हता. विष उगमातच होते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोचले नाही, कारण नवे पॅकेज तिथे थेट जात नाही; आधी चाचणीच्या भांडारांत मुरते. दुरुस्ती लगेच घ्यावी आणि नवी आवृत्ती सावकाश घ्यावी, ही दोन वेगळी कामे आहेत हे यातून मला फार स्पष्ट दिसते.

दुसऱ्या टोकाला वर्षानुवर्षे न दिसलेली भोके असतात. ज्या ‘सुडो’ आज्ञेने लिनक्सवर प्रशासकाचे अधिकार मिळतात, तिच्यातले एक भोक क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले. ते २०११ पासून तिथे होते. प्रमुख वितरणांनी त्याच दिवशी दुरुस्ती भांडारात ठेवली. ती आपल्या संगणकात आली की नाही, हे मात्र प्रत्येकाने स्वतः पाहायचे होते.

म्हणून लॅब सांभाळणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. उबुंटूवर ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे पॅकेज सुरक्षेच्या दुरुस्त्या रोज आपोआप बसवते. ते बंद करू नका. कुठल्याशा व्हिडिओत सांगितले म्हणून बाहेरचे भांडार जोडू नका, कारण जोडताना त्या अनोळखी माणसाची किल्ली तुम्ही विश्वासू म्हणून स्वीकारता आणि त्याचे पॅकेज बसताना त्याला प्रशासकाचे सगळे अधिकार मिळतात. उबुंटू २०.०४ ची नेहमीची मुदत मे २०२५ मध्ये संपली, २२.०४ ची २०२७ मध्ये संपेल; ही वर्षे लॅबच्या दारावर लिहून ठेवा. लिनक्स मराठीतून शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे धडे आहेत.

विद्यार्थ्यांसाठी एक वाट वेगळी आहे. भांडारातले प्रत्येक पॅकेज कोणीतरी सांभाळते आणि त्यांतले बरेच जण हे काम मोकळ्या वेळात करतात. डेबियनचा विकासक व्हायचे तर आधीच्या विकासकांनी तुमची ओळख पटवून तुमच्या किल्लीवर सही करावी लागते. सुरुवातीला मात्र कुणाच्या सहीची गरज नाही. लोहित टंकात एखादे मराठी जोडाक्षर नीट उमटत नसेल, तर ‘रिपोर्टबग’ ही आज्ञा चालवायची, पॅकेजचे नाव द्यायचे आणि काय दिसायला हवे होते, काय दिसते ते लिहायचे. पत्र थेट ते पॅकेज सांभाळणाऱ्यांकडे जाते, त्याला क्रमांक मिळतो, आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार कुणालाही वाचता येतो.