पडद्यावरचं मैदान – भाग ९ : न दाबलेलं बटण

या आठवड्यात फ्री किक घेऊ असं म्हटलं होतं. ती आज होत नाही, पुढे ढकलतो आहे. कारण बुधवारी कोल्हापूरहून एका वाचकाचं पत्र आलं आणि ते वाचल्यावर दुसरं काही लिहावंसंच वाटेना.

त्यांचा प्रश्न साधा आहे. फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये लेजेंडरी पातळीवर ते संगणकाला हरवतात. पासिंगचे तिन्ही भाग वाचून चेंडू फिरवायला शिकलेत, गोलही करतात. पण रविवारी मावसभाऊ घरी आला की पाच गोल करून सहा खातात. ‘मला चेंडू हिसकावता का येत नाही?’ असं त्यांनी विचारलं आहे. पत्राचा खरा ऐवज मात्र त्यापुढे आहे. गेल्या रविवारच्या सामन्यातले सहाही गोल त्यांनी रिप्लेमध्ये पाहिले आणि प्रत्येक गोलाआधी आपला कोणता खेळाडू आपल्या हातात होता, आपण कोणतं बटण दाबलं होतं, हे ओळीने लिहून पाठवलं. इतकी वर्षं हा खेळ खेळतो आहे, पण स्वतःच्या खाल्लेल्या गोलांची अशी नोंद ठेवणारे मला फार थोडे भेटले.

ती नोंद अशी. चार गोलांच्या आधी त्यांच्या हातात सेंटर बॅक होता आणि तो आर-टू दाबून पूर्ण वेगाने चेंडूकडे धावत होता. पाचवा गोल पेनल्टीवर, चौकोन दाबून मागून केलेल्या घसरत्या टॅकलमुळे. सहावा कॉर्नरवर हेडरने. कॉर्नरचा बचाव हा निराळा विषय आहे, त्याला आज हात लावत नाही. उरलेल्या पाचांचं मूळ एकच. चेंडू दिसला की तो घ्यायलाच हवा, या ओढीने बोट बटणावर जातं.

ही ओढ कुठून आली, तेही सांगायला हवं, कारण तिच्यामागे या खेळाचा इतिहास आहे. २०११ साली ‘फिफा १२’ आला, तोवर बचाव करणं म्हणजे एक बटण दाबून धरणं एवढंच होतं. बटण दाबलं की तुमचा गडी आपणहून चेंडूकडे धावायचा, आडवा यायचा, पाय घालायचा. ‘फिफा १२’मध्ये बचावाची पद्धतच बदलली. तेव्हापासून तेच बटण दाबलं तर गडी फक्त समोरच्यासमोर अंतर राखून उभा राहतो. पाय कधी घालायचा, हे तुम्ही ठरवायचं आणि चुकलात तर मोकळी जागा तुमच्याच पाठीमागे तयार होते. आज ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या नावाने जो खेळ आपण खेळतो, त्याचा बचाव याच पायावर उभा आहे. मी संगणकाच्या की-बोर्डवर शिकलेला माणूस. धावण्यासाठी ‘ई’ची कळ दाबून दाबून तिच्यावरचं अक्षर पुसलं गेलं होतं. ती सवय सोडायला मला पूर्ण एक मोसम लागला. म्हणून पत्रलेखकाची अडचण मला आतून कळते. त्यांची बोटं अजून जुना खेळ खेळताहेत.

आता मूळ मुद्दा. बचावातलं सर्वांत मोलाचं बटण डावा ट्रिगर, प्लेस्टेशनवर एल-टू आणि एक्सबॉक्सवर एल-टी. याला जॉकी म्हणतात. तो दाबून धरला की तुमचा गडी छाती चेंडूकडे ठेवून, गुडघे किंचित वाकवून, आडव्या पावलांनी सरकतो. तो हळू सरकतो, पण डावीकडे किंवा उजवीकडे चटकन वळू शकतो. एल-टू आणि आर-टू एकत्र धरले तर तेच सरकणं वेगाने होतं, वळणं मात्र थोडं जड जातं. आणि नुसता आर-टू दाबला तर गडी सुसाट धावतो खरा, पण समोरच्याने स्टिक आत वळवली की तो सरळ पुढे निघून जातो. पत्रातले चार गोल असेच झाले. मावसभावाने काही जादू केली नव्हती. एक वळण घेतलं, आणि सेंटर बॅक ज्या जागेवरून आला होता ती जागा त्याला रिकामी सापडली.

म्हणून पहिला नियम असा : दूरवरून परतताना हवं तेवढं धावा, पण चेंडूवाला तीन-चार पावलांवर आला की आर-टूवरचं बोट उचला आणि एल-टू धरा.

हे समजवायला मला कबड्डीइतका जवळचा दाखला सापडत नाही. कोपऱ्यावरचा कसलेला रक्षक आठवा. चढाईपटू ‘कबड्डी कबड्डी’ करत आत येतो, हात टाकतो, हुलकावण्या देतो. नवखा रक्षक पहिल्याच हुलकावणीला झेप घेतो, हात लावून घेतो आणि बाद होतो. जुना रक्षक मागे सरकतो. सरकताना चढाईपटूची डावी-उजवी वाट अरुंद करत नेतो आणि वाट पाहतो. कसली? चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे पडेल आणि दुसरा हवेत असेल त्या क्षणाची. तेव्हा चढाईपटूला दिशा बदलता येत नाही. घोटा पकडायचा तो तेव्हाच. त्याआधीचं सगळं सरकणं त्या एका पकडीसाठीच चाललेलं असतं.

फुटबॉलमध्येही तसाच एक क्षण असतो आणि पडद्यावर तो डोळ्यांना दिसतो. समोरचा धावू लागला की चेंडू त्याच्या पायापासून थोडा पुढे सुटतो, मग तो चेंडूला गाठतो, पुन्हा ढकलतो. जितका जोरात धावेल, तितका चेंडू दूर सुटतो. हळू चालणाऱ्याचा चेंडू बुटाला चिकटल्यासारखा राहतो. टॅकल करायचं ते चेंडू सुटलेला असताना, समोरून, वर्तुळ दाबून, उभ्याने. पास येऊन पहिला स्पर्श होतो आहे किंवा पाठ फिरवून वळतो आहे, हेही असेच क्षण. बाकी वेळी बोट बटणापासून दूर. मागून टॅकल कराल तर चेंडूआधी पाय मिळतो आणि पंच शिट्टी वाजवतो. पत्रातली पेनल्टी अशीच गेली.

आता थोडा मैदानाकडे वळतो, कारण मी हे सगळं ज्यातून शिकलो तो खराखुरा सामना आहे. ३१ मार्च २०१९, अॅनफिल्ड, लिव्हरपूल विरुद्ध टॉटनहॅम. बरोबरी १–१. शेवटची काही मिनिटं उरलेली. टॉटनहॅमचा मूसा सिसोको चेंडू घेऊन सुटला, सोबत सोन ह्युंग-मिन. समोर एकटा व्हर्जिल व्हॅन डाइक. दोघांविरुद्ध एक. व्हॅन डाइकने चेंडूकडे झेप घेतली नाही. तो सिसोको आणि सोन यांच्या मधोमध राहून मागे सरकत राहिला. सोनला पास द्यायची वाट त्याने अंगाने बंद केली, कारण दोघांत नेमका गोल मारणारा कोण, हे त्याला ठाऊक होतं. सिसोको उजव्या पायाचा खेळाडू. त्याला शेवटी डाव्या पायाने फटका मारावा लागला आणि चेंडू क्रॉसबारच्या बराच वरून गेला. टॅकल झालंच नाही. त्यानंतर ९०व्या मिनिटाला टॉटनहॅमच्या टोबी आल्डरवाइरेल्डच्या स्वयंगोलावर लिव्हरपूल २–१ जिंकलं. त्या मोसमात इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंनी आपल्यातला सर्वोत्तम म्हणून निवडला तोही व्हॅन डाइकच.

तो प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल याचा हिशोब नाही. पाहताना मी चेंडूकडे बघत नाही, व्हॅन डाइकच्या पावलांकडे बघतो. प्रत्येक पाऊल समोरच्याची एक वाट काढून घेतं. बचाव म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही. चेंडू समोरच्याकडेच राहू द्या. त्याच्याकडच्या वाटा मात्र एकेक करून कमी करा. शेवटी उरेल ती वाट त्याच्या नावडत्या पायाची, अवघड कोनाची किंवा मागे पास द्यायची असली पाहिजे.

पडद्यावर असा दोघांविरुद्ध एक प्रसंग आला तर हेच करा. एल-टू धरा. चेंडू आणि दुसरा गडी यांना जोडणारी रेषा मनात आखा आणि आपला गडी तिच्यावर ठेवा. गोलाच्या दिशेने सरकत राहा. चेंडूवाला पेनल्टी क्षेत्राच्या कडेला आला की मग एक पाऊल पुढे टाकून त्याचा फटका अडवा. तिरक्या कोनातून येणारा फटका गोलकीपर बहुधा सांभाळतो. मोकळ्या गड्याला मिळालेला पास कुणीच सांभाळत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी पत्रलेखकांना सर्वांत जास्त उपयोगी पडेल. हातात कोणता गडी घ्यायचा? माझं उत्तर ठाम आहे : चेंडू तुमच्या पेनल्टी क्षेत्रात शिरेपर्यंत सेंटर बॅक हातात घेऊच नका. बचावासमोर खेळणारा मिडफिल्डर घ्या. तुम्ही हात लावला नाहीत तर मागची रांग यंत्र सांभाळतं आणि ते काम ते बऱ्यापैकी नेटकं करतं. तुम्ही सेंटर बॅक ओढून पुढे नेलात की त्या रांगेला तुम्हीच भोक पाडता. मिडफिल्डर चुकला तर त्याच्यामागे अजून चौघे उभे असतात. सेंटर बॅक चुकला तर फक्त गोलकीपर.

गडी बदलण्यासाठी बहुतेक जण एल-वन दाबत राहतात. गडबडीत दोनदा दाबला जातो आणि नको तो गडी हातात येतो. उजवी स्टिक वापरायची सवय लावा. ज्या दिशेचा गडी हवा तिकडे ती ढकलायची. सेटिंगमध्ये पुढचा गडी कोणता मिळणार हे दाखवणारी खूण चालू करता येते, ती जरूर चालू ठेवा. आणि आपोआप गडी बदलण्याची सोय कमीत कमी ठेवा, फार तर हवेतल्या चेंडूंपुरती. सुरुवातीला हात गडबडतील. आठवडाभरात स्टिक सवयीची होते.

आर-वन दाबला की दुसरा गडी आपणहून चेंडूवाल्याच्या अंगावर जातो. ही मदत मोहक आहे, म्हणूनच सांभाळून. तो गडी आपली जागा सोडून जातो, सतत दाबून धरलात तर उत्तरार्धात त्याचे पाय जड होतात. कडेला, साइडलाइनजवळ समोरचा कोंडीत सापडला असेल तेव्हा क्षणभर दाबा आणि सोडा.

खेळाडू निवडताना बचावपटूचा नुसता वेग पाहू नका. त्याच्या आकड्यांत बचावाची जाण आणि पास मध्येच अडवण्याची हातोटी हे दोन्ही वेगळे दिलेले असतात, ते आधी वाचा. ‘एफसी २४’पासून खेळाडूंना स्वतःच्या खास शैली मिळाल्या आहेत. त्यांतली ‘जॉकी’ शैली असलेला गडी वेगाने सरकतो आणि सरकण्यातून धावण्यात चटकन जातो. आज जे शिकतो आहोत त्याला असा गडी सोन्यासारखा.

या आठवड्याचा सराव तीन सामन्यांचा. पहिल्या सामन्यात चौकोन बंद. घसरतं टॅकल एकदाही नाही, मग काही होवो. दुसऱ्या सामन्यात सेंटर बॅकला हात लावायचा नाही; चुकून हातात आला तर लगेच स्टिकने मिडफिल्डर घ्यायचा. तिसऱ्यात दोन्ही नियम एकत्र, आणि शेजारी कागद-पेन्सिल. गोल मोजू नका, हिसकावलेले चेंडूही मोजू नका. समोरच्याला पुढे जाता आलं नाही म्हणून त्याने किती वेळा मागे पास दिला, तेवढंच मोजा. हा सामना माणसाशी खेळा. संगणक बिचकत नाही, रागावत नाही, घाई करत नाही. माणूस करतो, आणि वाटा बंद झाल्या की त्याची घाई कशी वाढत जाते ते पाहण्यात बचावाचा सगळा आनंद आहे.

कोल्हापुरातच शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मी लहानपणी सामने पाहायचो. तालमीच्या संघांचा सामना असला की अख्ख्या पेठा उतरायच्या. गोलावर तर सगळेच ओरडायचे. पण शेजारी बसणारे एक वयस्कर गृहस्थ भलत्याच वेळी टाळी वाजवायचे. समोरचा आघाडीवीर जोरात यायचा, आपला रक्षक त्याच्यापुढे सरकत राहायचा, पाय घालायचा नाही. आणि शेवटी आघाडीवीर थांबून, वळून, चेंडू मागे द्यायचा. त्या मागे दिलेल्या पासवर त्यांची टाळी पडायची. तेव्हा मला त्यात पाहण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. आज पडद्यासमोर बसून तसा पास मिळाला की हात आपोआप जुळतात.

पत्रलेखकांना हे सगळं थोडक्यात गुरुवारीच कळवलं. आज सकाळी त्यांचं उत्तर आलं. सामना ते हरले, २–३. खाली एक ओळ : ‘त्याने चौदा वेळा मागे पास दिला आणि शेवटी वैतागून विचारलं, तू आज अंगावर का येत नाहीस?’

तुमचेही आकडे कळवा. फ्री किक पुढच्या आठवड्यात, आणि पाचव्या भागातल्या वळणाऱ्या फटक्यावर आलेले प्रश्नही त्यातच घेतो.